ओफुना बंद झाल्यावर

तोक्योहून कामाकुराकडे जाणारी योकोसुका मार्गावरची गाडी ओफुनाला थांबते. त्यापुढचेच स्थानक किता-कामाकुरा. तिथल्या एन्गाकु-जी मंदिराच्या आवारात यासुजिरो ओझूची समाधी आहे. दगडावर त्याचे नाव नाही, 'मु' हे एकच अक्षर आहे. त्याचा अर्थ 'नसणे'. एक स्थानक अलीकडे, ओफुनाला, त्याच ओझूचे कामाचे ठिकाण होते. शोचिकु कंपनीने १९३६ साली आपला स्टुडिओ कामाताहून इथे हलवला. 'बान्शुन' आणि 'तोक्यो मोनोगातारी' इथले. १९९५ मध्ये, प्रेक्षक आटत चालले असताना, कंपनीने स्टुडिओच्याच आवारात सिनेमाच्या नावाने एक करमणूक उद्यान उघडले. तीन वर्षांत ते बंद पडले. २००० साली स्टुडिओलाही कुलूप लागले, जमीन विकली गेली आणि आज तिथे महिला विद्यापीठाचे वर्ग भरतात.

ओफुना म्हणजे चार फ्लोअर, मेकअपच्या खोल्या आणि कँटीन एवढेच नव्हते. गाण्यात आपण ज्याला घराणे म्हणतो ते तिथे होते. शिकलेला तरुण परीक्षा देऊन कंपनीत शिरायचा, सहायक दिग्दर्शकांच्या रांगेत अगदी शेवटी उभा राहायचा, क्लॅप द्यायचा, वरिष्ठांसाठी धावपळ करायचा, फावल्या वेळात पटकथा लिहून दाखवायचा. योजी यामादा १९५४ मध्ये या रांगेत उभा राहिला आणि त्याला पहिला चित्रपट मिळाला १९६१ मध्ये. शोहेई इमामुराने ओझूच्या हाताखाली उमेदवारी केली, आणि नंतर ओझूला जे वर्ज्य होते नेमके तेच दाखवायचे ठरवले. घराण्यात बंड करायलाही आधी घराणे लागते. इथल्या चित्रपटांच्या ढंगाला 'ओफुना-चो' असे नावच पडले होते: मध्यमवर्गीय घर, जेवणाचे बुटके टेबल, लग्नाला आलेली मुलगी, थोडे हसू आणि थोडे पाणी.

ज्या वर्षी हे दार बंद झाले, तिथपासून २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीपर्यंतचा जपानी सिनेमा हा या पुस्तकाचा विषय आहे. या दहा-अकरा वर्षांत आलेले बहुतेक महत्त्वाचे दिग्दर्शक कुठल्याही स्टुडिओत वाढलेले नाहीत. त्यांचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. ज्यांना सिनेमात घर मिळाले नाही, त्यांनी पडद्यावर सतत घरच मांडले आहे. आई सोडून गेलेले घर, बापाने नोकरी गेल्याचे लपवलेले घर, खून झालेले घर, मेलेल्या मुलाच्या नावाने वर्षातून एकदा भरणारे घर. ओझूच्या घरातून मुलगी लग्न होऊन जायची आणि बाप एकटा सफरचंद सोलत बसायचा. आता जाणारा कुठे गेला ते सांगून जात नाही. पुढची सगळी पाने या एका निरीक्षणाच्या मागे मागे चालली आहेत.

मराठी वाचकाला जपानी सिनेमा परका नाही. फिल्म सोसायट्यांनी तो आपल्या गावात आणला. मुंबईत प्रभात चित्र मंडळ, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, कितीतरी गावांत दोन-चार वेड्या माणसांनी उभे केलेले क्लब. 'राशोमोन' आणि 'इकिरू' यांवर रात्र रात्र वाद घातलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. मी त्या पिढीच्या उपकारात आहे. तरीही आपली ओळख अकिरा कुरोसावा, ओझू, मिझोगुची या तिघांपाशी थबकते आणि साधारण १९६५ च्या आसपास मिटते. घराशेजारचा एखादा मुलगा परगावी गेला आणि आपल्या डोळ्यांपुढे तो तेवढाच राहिला, तसे काहीसे. नव्या शतकात महोत्सवांमुळे आणि डीव्हीडींमुळे कोरे-एदा, कावासे ही नावे कानावर आली, पण सुटी सुटी. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी धंद्याचे थोडे. १९५८ साली जपानमध्ये चित्रपटाची ११२ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. १९९६ मध्ये ती १२ कोटींच्याही आत आली होती. मधल्या काळात घरोघर टीव्ही आला, दाइएई कंपनीचे १९७१ मध्ये दिवाळे वाजले, आणि निक्कात्सुने त्याच वर्षी तग धरण्यासाठी शृंगारपटांची वाट धरली. तरुण दिग्दर्शकाने शिकायचे कुठे? तो मिळेल तिथे शिकला. कुणी 'पिंक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त शृंगारपटांत, कुणी तोएईने १९८९ मध्ये सुरू केलेल्या, थेट व्हिडिओ कॅसेटवर निघणाऱ्या 'व्ही-सिनेमा'त, कुणी टीव्हीच्या माहितीपटांत. पिआ या मासिकाने १९७७ मध्ये सुरू केलेल्या महोत्सवात हौशी मुलांनी ८ मिलिमीटरवर काढलेले चित्रपट दाखवले जात. त्या महोत्सवाने कित्येकांना पहिला प्रेक्षक दिला. आणि एक वाट विद्यापीठाच्या वर्गातून निघाली. शिगेहिको हासुमी हा समीक्षक रिक्क्यो विद्यापीठात सिनेमा शिकवायचा. पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसले तेवढेच सांगा, असा त्याचा आग्रह असे. कियोशी कुरोसावा आणि शिंजी आओयामा हे दोघे तिथले. (हा कुरोसावा अकिराचा नातेवाईक नव्हे, हे एकदा सांगून टाकलेले बरे.)

शतक उलटल्यावर धंदा सावरला, हेही खरे. २००२ मध्ये तिकीटबारीच्या उत्पन्नात जपानी चित्रपटांचा वाटा २७ टक्क्यांच्या आसपास होता. २००६ मध्ये तो ५३ टक्क्यांवर गेला आणि २१ वर्षांनी प्रथमच देशी चित्रपटांनी परदेशी चित्रपटांना मागे टाकले. त्या एका वर्षात ४१७ जपानी चित्रपट लागले. हा पैसा आणला 'सेइसाकु इइनकाई' म्हणजे निर्मिती समितीच्या पद्धतीने. टीव्ही वाहिनी, प्रकाशक, जाहिरात संस्था, वितरक असे पाच-सात जण वर्गणी काढतात, तोटा झाला तर वाटून घेतात, हक्कही वाटून घेतात. गाजलेली कादंबरी किंवा मालिका हाती असेल तर समिती चटकन जमते. फुजी टीव्हीच्या पोलीस मालिकेवरचा 'ओदोरू दाइसोसासेन २' २००३ मध्ये त्यामुळेच तुफान चालला. माझे मत विचाराल तर या पद्धतीने चित्रपटगृहे वाचवली, पण चित्रपटाला कुणी पालक उरला नाही. समितीतला प्रत्येक जण आपापल्या वाट्याचा मालक, आणि दिग्दर्शक बहुतेक वेळा रोजंदारीवर. या पुस्तकातले बरेचसे चित्रपट त्या मांडवाबाहेर, छोट्या पैशांत उभे राहिले आणि छोट्या थिएटरांत लागले. तोक्योच्या जिंबोचो भागातला इवानामी हॉल हे त्यांतले आद्य ठिकाण. १९७४ मध्ये तिथे निवडक विदेशी चित्रपट नेमाने दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला, तो सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'ने. हा हॉल २०२२ मध्ये बंद झाला ती बातमी वाचताना मला आपल्याच ओळखीतले कुणी गेल्यासारखे वाटले.

आता घराकडे. १९९० च्या सुमारास जपानमधला जमीन आणि शेअर यांचा फुगा फुटला. १९९५ च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला, मार्चमध्ये ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. १९९८ पासून सलग चौदा वर्षे, दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसांनी स्वतःचा जीव घेतला. जन्मभराची नोकरी, उशिरा घरी येणारा पण येणारच असा बाप, ही जी गृहीतके होती ती एकेक करून सुटत गेली. या काळाबद्दलचा पहिला मोठा चित्रपट मी आओयामाचा 'युरेका' मानतो. क्युशूमध्ये एका बसचे अपहरण होते. ड्रायव्हर आणि एक शाळकरी बहीण-भाऊ एवढे तिघेच वाचतात. मुले बोलेनाशी होतात, आई घर सोडते, बाप मरतो. दोन वर्षांनी तो ड्रायव्हर त्यांच्या घरी येऊन राहतो, भांडी घासतो, आणि एक दिवस जुनी बस विकत घेऊन त्यांना प्रवासाला नेतो. तीन तास सदतीस मिनिटे. रंग जवळजवळ शेवटपर्यंत वाळलेल्या पानासारखा तपकिरी. चित्रपट २००० च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला, आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला क्युशूमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाने खरोखर बस पळवली होती. चित्रपट त्याआधीच तयार होता.

'युरेका'चा छायाचित्रकार मासाकी तामुरा. नारिता विमानतळाला जमीन द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांवर शिनसुके ओगावाने जे माहितीपट केले, त्यांत कॅमेरा याच माणसाच्या हातात होता. नाओमी कावासेचा पहिला कथापट 'मोए नो सुझाकु' यानेच चित्रित केला. दूर उभे राहून, माणसाला त्याच्या वेळात बोलू द्यायची जी सवय या दशकाच्या सिनेमात दिसते, तिचे मूळ शोधायला निघाले की पाऊल अशा कारागिरांच्या दारी पोचते. दिग्दर्शकांची नावे आपण पाठ करतो. कॅमेऱ्यामागचे हात एका पिढीतून दुसरीत काय घेऊन गेले याचा हिशेब फारसा कुणी ठेवत नाही. मी एक प्रकरण त्यासाठी राखले आहे.

भयपटांची लाट सगळ्यांना ठाऊक आहे. हिदेओ नाकाताचा 'रिंगू' १९९८ चा, हॉलिवूडने तो २००२ मध्ये पुन्हा केला, आणि लांब काळ्या केसांची बाई जगभर गेली. मला त्या लाटेत ताकाशी शिमिझूचा 'जुओन' अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो भीतीसाठी नव्हे. आधी २००० मध्ये तो थेट व्हिडिओसाठी निघाला, दोन भागांत, तुटपुंज्या पैशांत. तोक्योच्या नेरिमा भागातले साधे दुमजली घर. संशयाने पेटलेल्या नवऱ्याने बायकोला मारले. आता त्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती बाई आणि तिचा लहान मुलगा गाठतात. आपल्याकडे भूत पिंपळावर असते, विहिरीत असते, तिठ्यावर असते; उंबरठा ओलांडून आत आले की माणूस सुटतो. 'जुओन'मध्ये आत आले की संपले. त्यातले एक पात्र घाबरून अंथरुणात शिरते, पांघरूण डोक्यावर ओढते, आणि ती बाई पांघरुणाच्या आतच असते. लहानपणी आपण सगळ्यांनी जी एक जागा सुरक्षित मानली होती तीही या चित्रपटाने काढून घेतली. कियोशी कुरोसावाच्या 'काइरो'मध्ये (२००१) भुते संगणकाच्या पडद्यातून येतात, पण ती कुणाला मारत नाहीत. ती फक्त एकटी आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिलेली माणसे हळूहळू भिंतीवरचा काळा डाग होऊन जातात. घराघरांत इंटरनेट नुकते शिरत असताना केलेला हा चित्रपट आज पाहिला तर हातातला फोन खाली ठेवावासा वाटतो.

याच कुरोसावाने २००८ मध्ये 'तोक्यो सोनाता' केला. भूत नाही, रक्त नाही, आणि तरीही हा माझ्या मते त्याचा सर्वांत भीतिदायक चित्रपट आहे. साठीतल्या नव्हे, ऐन चाळिशी-पन्नाशीतल्या बापाची नोकरी जाते, कारण तेच काम चीनमध्ये स्वस्तात होते. तो घरी सांगत नाही. रोज सकाळी टाय बांधून बाहेर पडतो आणि फुकट जेवण वाटणाऱ्या बागेतल्या रांगेत उभा राहतो. तिथे त्याला शाळेतला जुना मित्र भेटतो, तोही सुटाबुटात. त्याने आपला मोबाइल दर तासाला काही वेळा आपोआप वाजेल असा लावून ठेवला आहे, म्हणजे माणूस कामात दिसतो. घर रेल्वे रुळांना लागून आहे. जेवायला बसताना बाकीचे तिघे बापाने पहिला घास घ्यायची वाट पाहतात, आणि त्या क्षणभराच्या थांबण्यात सगळा जुना जपान उभा असतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच वादळी वारा उघड्या दारातून आत येतो, आई धावत येऊन दार लावते, ओली झालेली जमीन पुसते, आणि मग काय वाटते कोण जाणे, पुन्हा दार उघडून पावसाकडे बघत राहते. क्योको कोइझुमीने ती आई केली आहे. या दशकातल्या अभिनयाचे एकच दृश्य दाखवा म्हटले तर मी हे दाखवीन.

आणि मग हिरोकाझू कोरे-एदा. पुस्तकाची सर्वाधिक पाने त्याने घेतली आहेत. ती कमी करण्याचा मी प्रयत्न केला नाही. तो टीव्हीच्या माहितीपटांतून आला, आणि माहितीपटात शिकलेली धीराची सवय त्याने सोडली नाही. १९८८ मध्ये तोक्योच्या सुगामो भागात एक प्रकरण उघडकीला आले होते. आईने सोडून दिलेली भावंडे एका फ्लॅटमध्ये महिनोन्‌महिने एकटी राहत होती, आणि शेजारपाजाऱ्यांना पत्ता नव्हता. कोरे-एदाने ते वाचून तेव्हाच पटकथा लिहिली आणि चित्रपट व्हायला पंधरा वर्षे लागली. २००४ चा 'दारे मो शिरानाई'. म्हणजे 'कुणालाच ठाऊक नाही'. घरमालकाला एकच मुलगा दाखवलेला आहे; धाकटी दोघे सुटकेसमध्ये बसून घरात येतात. बाल्कनीत जायचे नाही, आवाज करायचा नाही, शाळा नाही. आई पैसे ठेवून जाते, परत येते, पुन्हा जाते, आणि मग येत नाही. बारा वर्षांचा आकिरा हिशेब लिहितो, भाजी आणतो, वीज-पाणी तुटल्यावर बागेतल्या नळावरून पाणी भरतो.

चित्रीकरण जवळजवळ वर्षभर, ऋतूंच्या क्रमाने झाले. मुलांच्या हाती पटकथा दिली नाही. काय बोलायचे ते त्या त्या वेळी कानात सांगितले. त्यामुळे पडद्यावर मुलांची उंची खरोखर वाढते, केस वाढतात, आकिराचा आवाज फुटतो. आईने धाकटीच्या मोठ्या बहिणीला लावून दिलेला नखांचा रंग, जमिनीवर सांडलेला त्याचा डाग, चालताना चूं-चूं वाजणारे बूट, रिकाम्या कप-नूडलच्या वाट्यांत लावलेली रस्त्याकडेची झाडे. कोरे-एदा या वस्तूंकडे इतक्या जवळून पाहतो की दुःखाबद्दल वेगळे काही बोलायची त्याला गरज पडत नाही. शेवटाकडे एक मृत्यू आहे, आणि तो पडद्यावर घडत नाही. त्या आईलाही त्याने राक्षसीण केले नाही. तिचा आवाज गोड आहे, ती मुलांशी खेळते, आणि ती जाते. मला हा चित्रपट पहिल्यांदा पाहिल्यावर बरेच दिवस तिचा राग येत राहिला. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष खालच्या दुकानातल्या माणसांकडे, जिन्यात भेटणाऱ्या घरमालकिणीकडे गेले. नावातले 'कुणालाच' ते आहेत. आकिराचे काम करणाऱ्या युया यागिराला कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्या वर्षी जपानने ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला, आणि भारताने पाठवला होता 'श्वास'. दोन्हींत एका लहान मुलावर मोठ्या माणसाएवढे ओझे येऊन पडते. 'श्वास'मध्ये त्या मुलाला आजोबा आहेत. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर हा फरक छातीत रुतून बसतो.

योजी यामादाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण तो या मंडळींत वयाने आणि घराण्यानेही वेगळा आहे. ओफुनाच्या रांगेतून आलेला, तोरा-सान या पात्राच्या ४८ चित्रपटांनी घराघरांत पोचलेला. ओफुना बंद झाल्यावर दोन वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने पहिल्यांदा सामुराईपट केला: 'तासोगारे सेइबेई'. तासोगारे म्हणजे तिन्हीसांज. सेइबेई हा हलक्या पगाराचा कारकुनी सामुराई. बायको क्षयाने गेलेली, घरात दोन लहान मुली आणि विसरभोळी झालेली म्हातारी आई, म्हणून तो दिवेलागणीला कामावरून थेट घरी जातो, मित्रांबरोबर प्यायला थांबत नाही. त्यावरून त्याला हे नाव पडले आहे. रात्री तो किडे ठेवायचे पिंजरे विणतो, चार पैशांसाठी. मुलगी विचारते, शिवण शिकले तर किमोनो शिवता येईल, पुस्तके वाचून काय मिळेल? तो सांगतो, विचार करता येईल. बाकीचे सगळे तरुण दिग्दर्शक घरातून निघून गेलेला बाप दाखवत असताना या वृद्धाने वेळेवर घरी येणारा बाप दाखवला. ओफुनाचा निरोप घ्यायची ही त्याची रीत असावी असे मला वाटते.

नाओमी कावासे नाराची. आईवडील वेगळे झालेले, आजीच्या बहिणीने वाढवलेली. ८ मिलिमीटरचा कॅमेरा हातात आल्यावर तिने आधी आपल्या बापाचा शोध चित्रित केला, मग त्या आजीला. 'मोगारी नो मोरी'ला २००७ मध्ये कानचे ग्राँ प्री मिळाले. मी त्याचे मराठी 'सुतकाचे अरण्य' असे करतो. बायकोला जाऊन तेहतीस वर्षे झालेला म्हातारा आणि मूल गमावलेली तरुण परिचारिका रानात वाट चुकतात. कावासेचे चित्रपट सगळ्यांना मानवत नाहीत, कधी कधी ती झाडांतल्या वाऱ्यावर फारच विसंबते; पण वारा असा दुसऱ्या कुणी टिपलेला नाही. मिवा निशिकावाने कोरे-एदाच्या हाताखाली काम केले. 'युरेरू'मध्ये (२००६) झुलत्या पुलावरून एक मुलगी पडून मरते आणि दोन भावांपैकी धाकट्याने काय पाहिले यावर अख्खा चित्रपट हिंदकळत राहतो.

ॲनिमेशनवर मी एकच प्रकरण लिहिले आहे, कारण त्यावर स्वतंत्र पुस्तक हवे. तरी मियाझाकीच्या २००१ च्या 'सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी'ला टाळून पुढे जाता येत नाही. बर्लिनचे सुवर्ण अस्वल आणि नंतर ऑस्कर मिळालेला हा चित्रपट आपण मुलांना दाखवतो. त्यातल्या एका वाक्याकडे लक्ष द्या. बोगद्यापलीकडचे ते ओसाड गाव पाहून चिहिरोचा बाप म्हणतो, हे जुने करमणूक उद्यान दिसते. पैसा होता तेव्हा अशी उद्याने बांधली, मग बंद पडली. ओफुनाचे उद्यान बंद होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. बाप आणि आई समोरचे अन्न अधाशासारखे खातात आणि डुकरे होतात. दहा वर्षांच्या मुलीला कामाला लागून त्यांना सोडवावे लागते. 'कामिकाकुशी' म्हणजे माणूस अचानक नाहीसा होणे, देवांनी दडवून ठेवणे. कोकणात चकवा लागला म्हणतात त्याचा हा दूरचा भाऊ. सातोशी कोनच्या 'तोक्यो गॉडफादर्स'मध्ये (२००३) तीन बेघर माणसांना नाताळच्या रात्री कचऱ्यात तान्हे बाळ सापडते. कोन २०१० मध्ये सेहेचाळीसाव्या वर्षी गेला. त्याच्या जागी अजून कुणी आलेले नाही.

योजिरो ताकिताच्या 'ओकुरिबितो'ला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले. जगभर हा चित्रपट खूप पाहिला गेला, म्हणून त्याबद्दल माझी तक्रारही नोंदवतो: शेतात बसून चेलो वाजवण्याचे दृश्य मला कधीच पटले नाही. प्रेताला आंघोळ घालून, कपडे बदलून पेटीत ठेवण्याची दृश्ये मात्र विलक्षण आहेत. एकही अंग उघडे न पडू देता वस्त्र बदलणारे ते हात. नायक मासाहिरो मोतोकी तरुणपणी भारतात आला होता. वाराणसीच्या घाटावर त्याने मृत्यू दैनंदिन कामांच्या शेजारी पाहिला, पुढे मृतांना तयार करणाऱ्या एका माणसाचे आत्मकथन वाचले, आणि तिथून या चित्रपटाचे बीज पडले. 'ओकुरिबितो' म्हणजे पोचवणारा. आपण 'पोचवायला जाणे' म्हणतो, तोच शब्द.

ताकेशी कितानो आणि ताकाशी मिइके यांना इथे कमी जागा मिळाली आहे. कितानोचे सर्वोत्तम काम मला १९९७ च्या 'हाना-बी'पर्यंतचे वाटते, आणि मिइकेच्या चित्रपटांचा वेग माझ्या पाहण्याच्या शक्तीपलीकडचा आहे. जपानी नावे मी आधी व्यक्तिनाम, मग आडनाव अशी आपल्या पद्धतीने लिहिली आहेत. चित्रपटांची मूळ जपानी नावे ठेवली, कारण इंग्रजी नावांत अर्थ बराच सांडतो. दशकानंतरचेही थोडे आले आहे. कियोशी कुरोसावा २००५ पासून तोक्यो कला विद्यापीठात शिकवू लागला आणि त्याचा विद्यार्थी र्‍यूसुके हामागुची पुढे ऑस्करपर्यंत गेला. कोरे-एदाने निशिकावासारख्यांना घेऊन २०१४ मध्ये 'बुनबुकु' नावाची मंडळी स्थापन केली. या नव्या चुली आहेत. त्यांवर काय शिजते ते अजून पाहायचे आहे.

ज्याला एकाच चित्रपटापासून सुरुवात करायची असेल त्याने कोरे-एदाचा 'आरुइते मो आरुइते मो' (२००८) पाहावा. आईच्या मृत्यूनंतर त्याने तो लिहिला. पहिला आवाज मुळा आणि गाजर किसल्या-सोलल्याचा. थोरला मुलगा बुडणाऱ्या एका पोराला वाचवताना गेला, त्याच्या स्मृतिदिनाला मुले-नातवंडे घरी जमली आहेत. मक्याच्या दाण्यांची भजी तळली जातात. वाचलेला तो पोरगा, आता स्थूल आणि ओशाळलेला तरुण, दरवर्षी बोलावला जातो. एवढी वर्षे झाली, आता त्याला मोकळे करू या, असे धाकटा मुलगा आईला सुचवतो. आई क्रोशाचे विणकाम करत, मान वर न करता सांगते की वर्षातून एक दिवस तरी त्याला त्रास व्हावा म्हणूनच ती बोलावते. किरिन किकिने ही आई केली आहे. त्याआधीच तिच्या हातची भजी आपण जवळजवळ खाल्लेली असतात.

दुसऱ्या दिवशी मुलगा निघतो. आदल्या दिवशी आई आणि तो एका सुमो मल्लाचे नाव आठवत बसले होते, आठवले नाही. बसमध्ये बसल्यावर त्याला नाव आठवते. खाली, बसथांब्यापासून घराकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर, म्हातारा आणि म्हातारी एकमेकांपासून थोडे अंतर ठेवून वर चढत आहेत.